पाच नंबरची टाकी

"सातवी," फ्रीडल म्हणाला.

तळघराच्या पायऱ्या चढून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता. हातात बाटलीचं नुसतं बूड होतं, जाड हिरव्या काचेचं. कानामागून रक्ताचा बारीक ओघळ कॉलरपर्यंत आला होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मार्लीसचे दोन्ही हात कोंबडीच्या तुकड्यांत बरबटलेले होते. मैदा, फेटलेलं अंडं, पावाचा चुरा. तिने आधी लेनीकडे पाहिलं. दोन वर्षांची लेनी टेबलाखाली बसून पातेल्यावर लाकडी डाव आपटत होती. काल सणाची मिरवणूक झाली, म्हणून आज शुक्रवारी पाळणाघराला जोडून सुट्टी. मग मार्लीसने तळघराच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि मग फ्रीडलकडे.

"दार लावा आधी. आणि कानाला लागलंय तुमच्या."

"असू दे गं पोरी. त्या कानाने मला तसंही ऐकू येत नाही. बायको चाळीस वर्षं त्याच बाजूला झोपायची."

एरवी ती हसली असती.

"जाळीचा मुखवटा का घालत नाही तुम्ही? खाली खुंटीला टांगलेला आहे."

"त्यातून गाळ दिसत नाही." त्याने बूड ओट्यावर ठेवलं आणि स्टुलावर बसला. "मालकीणबाई म्हणतात तेच खरं असणार, माझे हात गेले. मागच्या खोल तळघरात पडून होत्या तेव्हा वर्षभरात एकही फुटली नाही. पुढच्या तळघरात आणून फळ्यांवर चढवल्या, मी हात लावायला लागलो, आणि ह्या सुरू झाल्या. मी फिरवतो की आपटतो, माझं मलाच कळत नाही आता." त्याने दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले. "थरथरतात का? खरं सांग."

पंजे रुंद होते, बोटांच्या पेरांवर छत्तीस वर्षांचे घट्टे होते, आणि ते दगडासारखे स्थिर होते.

"नाही," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य गिळलं.

"तू भली आहेस म्हणून नाही म्हणतेस. आज पाहुणे जाऊ देत. मग बाईंना सांगतो, दुसरा माणूस बघा."

काम्प नदीच्या काठच्या त्या गावात फ्रीडलची सगळी ओळख एवढीच होती, की तो वाल्ट्राउडबाईंच्या तळघरात झेक्टच्या बाटल्या फिरवतो. झेक्ट म्हणजे बुडबुड्यांची पांढरी वाइन. तयार वाइनमध्ये मोजून साखर आणि यीस्ट घालायचं, बाटलीला पत्र्याचं झाकण ठोकायचं आणि अंधारात निजवून ठेवायची. यीस्ट साखर खातं, वायू होतो, बाहेर पडायला वाट नसते. बाटलीत सहा बारचा दाब धरतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तिप्पट. वर्षभराने ती उतरत्या, भोकाभोकांच्या फळीत मान खाली करून खोचायची आणि रोज थोडी थोडी फिरवायची, म्हणजे मेलेलं यीस्ट झाकणापाशी गोळा होतं. मोठ्या कारखान्यांत हे आता यंत्रं करतात. इथे फ्रीडल करत असे, दोन्ही हातांनी एका वेळी दोन बाटल्या, अर्ध्या तासात हजार. त्याला दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

आणि बाटल्या त्याच्या हातांमुळे फुटत नव्हत्या. हे मार्लीसला रविवारपासून माहीत होतं.

रविवारी लेनी दुपारची झोपली असताना तिने तळघराचं रजिस्टर काढून मागच्या वर्षीचा मार्च उघडला होता. बाटल्या भरण्याआधी वाइनमध्ये मूळची साखर किती उरली आहे ते तपासायचं, तेवढी कमी करून बाकीची घालायची, हे वाइनशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. दहा मिनिटांचं काम. रजिस्टरात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: टाकी पाच, उरलेली साखर एक ग्रॅम. त्या 'एक'कडे पाहता पाहता तिला ती सकाळ आठवली. नळीत वाइन घेतली होती, आणि पाळणाघरातून फोन आला होता, लेनीला एकशे तीन ताप आहे, या. भरायच्या यंत्रावर माणसं खोळंबली होती. पाच नंबरच्या वाइनमध्ये दरवर्षी एकच ग्रॅम उरते. तिने 'एक' लिहिलं आणि धावली.

पण त्या वर्षी थंडीने पाच नंबरची टाकी मध्येच अडली होती. यीस्ट झोपून गेलं होतं. साखर उरली असणार, दहा ग्रॅम, बारा ग्रॅम. हे तिला माहीत होतं. तिनेच तर ते फेब्रुवारीत त्याच रजिस्टरात, चार पानं आधी लिहून ठेवलं होतं.

चार हजार दोनशे बाटल्या. खोल तळघराच्या गारव्यात त्या कशाबशा दम धरून होत्या. पुढचं तळघर उथळ, त्यात आठवडाभर बाहेर पस्तीस डिग्रीचं ऊन.

पाच दिवस तिने दाब मोजला नव्हता. मोजला की आकडा समोर येतो, आणि आकडा समोर आला की तो कोणाला तरी सांगावा लागतो. सहा महिन्यांची गरोदर असताना सगळ्या खोऱ्यात तिला कोणी कामावर घेत नव्हतं. वाल्ट्राउडबाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, प्रमाणपत्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या होत्या, "मूल काही आयुष्यभर पोटात राहत नाही. सोमवारपासून ये." वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या, आणि तळघराची किल्ली.

"फ्रीडल," ती हात धुत म्हणाली, "पाच मिनिटं लेनीला बघाल? कढईकडे येऊ देऊ नका."

"तू कुठे चाललीस?"

"खाली. पाहुण्यांसाठी बाटल्या आणायच्यात."

ती मुखवटा घालून उतरली. जाड हातमोजे, चामड्याचा एप्रन. तळघरात सांडलेल्या वाइनचा वास होता, हिरव्या सफरचंदाचा आणि ओल्या पावाचा. चांगला वास होता, हेच वाईट होतं. तिने कडेच्या फळीतली एक बाटली दोन्ही हातांनी काढली, खुंटीवरचं पितळी मापक घेतलं आणि त्याची सुई पत्र्याच्या झाकणातून दाबली. फुस्स झालं. काटा सहावरून गेला, आठवर जरासा अडखळला आणि साडेनऊवर जाऊन उभा राहिला. तबकडीवर दहानंतर आकडेच नव्हते.

मापक झाकणात तसंच ठेवून बाटली तिने भिंतीपाशी उभी केली. फळ्यांच्या दोन रांगांमध्ये पांढरी चादर घातलेलं लांब टेबल मांडून ठेवलेलं होतं, चार खुर्च्या, मेणबत्त्या. या घराची चाळीस वर्षांची रीत होती. मोठा पाहुणा आला की पहिलं खाणं वर, दुसरं तळघरात, बाटल्यांच्या मधोमध.

ती वर आली तेव्हा अंगणात गाडी थांबली होती. पाहुणा ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आला होता.

कोलारिक व्हिएन्नाहून आले होते. अकरा हॉटेलांमध्ये कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यायची, ते ठरवणं हे त्यांचं काम. बारीक अंगाचा, घाम पुसणारा, थट्टेखोर माणूस. त्यांनी हो म्हटलं तर या घराची झेक्ट अकरा ठिकाणी लागणार होती. वाल्ट्राउडबाई गेली दोन वर्षं या दुपारची वाट पाहत होत्या. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी आज मोत्यांची माळ घातली होती.

वरच्या खोलीत पहिलं पान आलं. धुरावलेला ट्राउट मासा, वर किसलेलं हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ, आणि सगळ्यात कोरडी झेक्ट, वेल्टलिनर द्राक्षांची. ही आधीच्या वर्षीची, खोल तळघरातली, बिनधोक. मार्लीसने ती ओतली.

"बाई, एक सांगतो," कोलारिक म्हणाले, "हॉर्सरॅडिश जिभेला झिणझिण्या आणतं. बिचाऱ्या वाइनने मग काय करायचं?"

"आधी मासा खा, मग घोट घ्या. आणि मग बोला."

त्यांनी खाल्लं, घोट घेतला, आणि काही बोलले नाहीत.

"गप्प का झालात?"

"हरलो म्हणून. पण मी तुमच्या तळलेल्या कोंबडीसाठी आलोय. लोक मला हसतात, म्हणतात तळणाबरोबर बिअर दे. अरे, तेल जिभेवर बसतं आणि हिचे बुडबुडे ते झाडून काढतात. प्रत्येक घास पहिल्या घासासारखा लागतो. ते खाली बसून खायचं ना? अख्खी व्हिएन्ना तुमच्या त्या टेबलाबद्दल बोलते."

"खालीच," बाई म्हणाल्या. "मार्लीस, फ्रीडलला मेणबत्त्या लावायला सांग."

"तो मघाशीच गेलाय," असं म्हणताना मार्लीसच्या लक्षात आलं की तो खरंच गेला आहे. लेनी खोलीच्या दारात उभी होती, एकटी, डाव हातात. "बाई, मी म्हणत होते, आज वरच बसू या का? खाली फार दमट झालंय."

"दमट? तळघर दमटच असतं."

"काचा सांडल्यात. मी झाडलं नाही अजून."

"मग झाड जा." बाईंचा आवाज गोड होता आणि डोळे अजिबात गोड नव्हते.

खालून आवाज आला. जाड सतरंजीखाली दाबून कोणी फटाका उडवावा तसा. टेबलावरचे पेले हलके शहारले.

"काय हो हे?" कोलारिकांनी भुवया उंचावल्या.

"आमचा म्हातारा," वाल्ट्राउडबाई हसून म्हणाल्या. "छत्तीस वर्षं बाटल्या फिरवतोय. आता हात राहिले नाहीत, आपटतो. यंदा त्याला निरोप द्यायचा. चांगलं घड्याळ-बिड्याळ देऊ." त्या उठल्या आणि त्यांनी रुमाल ताटाशेजारी ठेवला. "चला, उतरू या."

कोलारिकही उठले. मार्लीस दाराच्या चौकटीत उभी होती. तिला बाजूला व्हायला फक्त एक पाऊल लागलं असतं.

"त्याचे हात चांगले आहेत," ती म्हणाली.

"मार्लीस."

"त्याचे हात चांगले आहेत, बाई. चूक माझी आहे. मागच्या मार्चमध्ये पाच नंबरची साखर मी तपासली नाही. तपासल्याचं लिहिलं. आत्ता दाब मोजून आले, साडेनऊ आहे. खाली कोणीही जायचं नाही."

कोलारिक हळूच खाली बसले. वाल्ट्राउडबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांचा हात माळेकडे गेला आणि तिथेच राहिला.

"फ्रीडल कुठंय?" त्यांनी विचारलं.

मार्लीसने लेनीला उचललं, कोलारिकांच्या मांडीवर ठेवलं. "हिला धरा. सोडू नका, स्वयंपाकघरात कढई आहे." जाता जाता तिने गॅस बंद केला.

तळघरात सहा मेणबत्त्या जळत होत्या. फ्रीडल फळीपाशी उभा होता, दोन्ही हात दोन बाटल्यांवर.

"आलो, आलो. टेबल तयार आहे. जरा हात बघत होतो, दोन फिरवून."

"फ्रीडल, हात काढा. सावकाश."

"आता काय केलं मी?"

"काही नाही केलंत. हात काढा आणि इकडे या. साखर जास्त आहे. मी मोजली नव्हती. साडेनऊवर गेलाय काटा."

त्याने हात काढले. झटकन नाही, निजलेल्या मुलावरून काढावेत तसे. क्षणभर तो त्या रांगांकडे पाहत राहिला, जणू ओळखीच्या माणसांनी अचानक दुसऱ्याच भाषेत बोलायला सुरुवात केली होती.

"साडेनऊ," तो म्हणाला. "म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला वेळ होता. "रविवारी."

त्याने बोटं हलवली नाहीत, पण तो दिवस मोजत असल्याचं तिला दिसलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, काल, आज. रोज दोन फेऱ्या.

"मेणबत्त्या विझव," तो म्हणाला. "ऊब नको."

तीन तिने विझवल्या, तीन त्याने. अंधारात ते भिंतीला धरून चढले. तिचा हात त्याच्या कोपराला लागला तसा त्याने कोपर बाजूला घेतला. वर वाल्ट्राउडबाई दार धरून उभ्या होत्या. तिघांनी मिळून ते जाड ओकचं दार लोटलं, आडणा घातला. आडणा बसतो न बसतो तोच खाली एक फुटली. मग एक. मग थोडी शांतता, आणि मग एकदम कितीतरी, एकीच्या धक्क्याने दुसरी, दुसरीच्या धक्क्याने तिसरी. दार थरथरत राहिलं. बाईंनी त्याला पाठ लावली होती, जणू त्यांच्या वजनानेच ते थांबणार होतं. फ्रीडल ओठ हलवत मोजत होता. चाळीसनंतर त्याने मोजणं सोडलं.

मग दाराच्या फटीखालून वाइन आली, फेसाळत, आणि फरशीवर पसरत गेली.

वरच्या खोलीत कोलारिक लेनीला मांडीवर घेऊन बसले होते. तिने त्यांचा टाय डावाला गुंडाळला होता. त्यांनी मूल मार्लीसच्या हवाली केलं, सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"कोंबडी राहिली," वाल्ट्राउडबाई म्हणाल्या. "तळून देते. बसा."

"बसलो असतो, बाई. खरंच. पण आता पोटात जाणार नाही." त्यांनी रुमाल नीट घडी करून ठेवला. "मासा उत्तम होता. शरद ऋतूत बघू, फोन करतो."

शरद ऋतूत फोन येणार नाही हे चौघांनाही कळलं. गाडी गेल्यावर अंगणात धूळ बराच वेळ उभी होती.

"बाई," मार्लीस म्हणाली, "मी खोल्या कधी रिकाम्या करू?"

वाल्ट्राउडबाई माळ काढत होत्या. हूक सापडत नव्हता. "खोल्यांचं कोण बोललं? चार हजार बाटल्या खाली आहेत. फुटायच्या आत त्या कोण उघडणार, मी?" हूक निघाला. "किल्ली मात्र इथे ठेव. रजिस्टर उद्यापासून मी लिहीन."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही.

फ्रीडल तोवर निघून गेला होता. त्याची सायकल अंगणात नव्हती.

शनिवारी पहाटे हवा गार होती. रात्रभर तळघराच्या खिडक्यांच्या झडपा बाहेरून उघड्या टाकून बर्फाच्या लाद्या आत ढकलल्या होत्या. काटा आठच्या खाली आला होता. मार्लीस लेनीला शेजारणीकडे सोडून परत आली, तेव्हा फ्रीडल दारात उभा होता. डोक्यावर जाळीचा मुखवटा, हातात दुसरा.

तिने त्याला सुप्रभात म्हटलं. त्याने मुखवटा तिच्या हातात दिला.

"मी काढून देतो. तू ओल्या फडक्यात धरून उघडायची. झाकण स्वतःकडे नाही, बाईंकडे नाही, भिंतीकडे."

"फ्रीडल, मला म्हणायचं होतं..."

"पाच दिवस," तो म्हणाला. मोठ्याने नाही. "चुकतं गं माणूस. साखर चुकते. पण पाच दिवस मी तुझ्यासमोर हात धरून विचारत होतो."

तिने मुखवटा घातला.

पहिली बाटली तिने फडक्यात गुंडाळली, झाकणाखाली चावी घातली. धाड करून झाकण भिंतीवर गेलं आणि मागोमाग पांढरा फेस, कोपरापर्यंत, छातीवर, फरशीवर. अर्ध्याहून जास्त वाइन नुसती निघून गेली. उरलेली बादलीत ओतायच्या आधी फ्रीडलने बाटली तिच्या हातातून घेतली. खिशातून पेला काढला, थोडी ओतली. पेला आधी फेसाने भरला, मग फेस बसत बसत तळाशी बोटभर वाइन राहिली, गाळाने धुरकट. खिडकीतून येणाऱ्या उजेडासमोर धरून त्याने ती पाहिली, वास घेतला. एक घोट तोंडात बराच वेळ ठेवला.

वाल्ट्राउडबाई रजिस्टर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"कशी आहे?"

"झाली असती चांगली," फ्रीडल म्हणाला.

त्याने पेला बाईंना दिला. त्यांनी चव घेतली, मान हलवली आणि पेला शेजारी पायरीवर ठेवून रजिस्टरात एक रेघ ओढली. फ्रीडल फळीकडे वळला. दोन्ही हातांनी, एका वेळी दोन, तो बाटल्या काढून आणू लागला, आणि मार्लीसने फडकं पिळून पुढची बाटली गुंडाळली.